कडू रसाची पारख

'पेल एल' हें नांव वाचून आमच्या कित्येक वाचकांच्या कपाळास आठी पडेल, हें आम्ही जाणून आहों. मद्यपानाची तरफदारी करण्याचा आमचा हेतु नाहीं. जे घेत नाहींत त्यांनीं घेऊं नये हेंच बरें. परंतु आजकाल पुण्या-मुंबईंत ज्या पेयाविषयीं काव्याच्या थाटाची चर्चा चालते, त्याची पारख कोणत्या कसोटीनें व्हावी, हा प्रश्न अभिरुचीचा आहे.

प्रथम वस्तूचें स्वरूप पाहूं. मोड आणून वाळवलेल्या सातूच्या गोड काढ्यांत हॉप नांवाच्या वेलीचीं फुलें उकळतात. उकळण्यानें फुलांतील कडूपणा काढ्यांत उतरतो, पण सुगंधी तेलें वाफेबरोबर उडून जातात. म्हणून सुवासासाठीं कांहीं फुलें अगदीं अखेरीस, किंवा पेय आंबून झाल्यावर, घालावीं लागतात. आमटी उतरवतांना कोथिंबीर घालावी तशीं. अमेरिकेंत १९७२ सालीं 'कॅस्केड' ही हॉपची सुवासिक जात प्रसृत झाली. १९८० सालीं कॅलिफोर्नियांतील सिएरा नेवाडा या कारखान्यानें तिच्या बळावर आपली पेल एल सिद्ध केली. पुण्यास २००९ सालीं 'डूलाली' निघाली, तेव्हांपासून छोट्या भट्ट्यांचें हें वळण आपल्याकडेहि रुजलें. देवळालीच्या छावणींत कंटाळलेल्या गोऱ्या शिपायांनीं त्या गांवाच्या नांवावरून वेडसरपणास हा शब्द योजिला, ही गंमत जातां जातां सांगण्यासारखी आहे.

गेल्या चैत्रांत पुण्यास एका भट्टींत ताजा पेला आमच्यापुढें आला. शेजारची मंडळी 'पाइन', 'ग्रेपफ्रूट' अशा शब्दांनीं त्याची वाखाणणी करीत होती. आम्हां परभणीकरांस पाइनच्या वनाची काय ओळख! आम्हांस आधीं पपनसाची साल आठवली, आणि मागाहून कैरीचा देंठ मोडतांच सुटणारा चिकाचा वास. हा केवळ कल्पनेचा खेळ नव्हे. हॉपच्या तेलांतील मर्सीन हें द्रव्य आंब्याच्या वासांतहि असतें. मग जिभेवर कडूपणा आला, पण सातूच्या गोडीचा हात धरून आला. पाडव्याचा कडुनिंब आपण गुळाबरोबर वाटतों आणि कारल्याच्या भाजींतहि गूळ घालतों, तें उगाच नव्हे. कडूपणास आधार हवा. केवळ कडूपणाचे आंकडे वाढवून मिरवणारी पेल एल ही कठोर शब्दांनाच सखोल विचार समजणाऱ्या लेखकासारखी होय.

त्याच पेयाची एक बाटली भाच्यानें परभणीस आणून दिली. दीड महिना ती कपाटांत राहिली; बाहेर ऊन बेचाळीस अंशांचें. उघडून पाहतों तों पपनस नाहीं, कैरी नाहीं. भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास आणि मागें नुसता उघडा कडूपणा. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनजवळच्या बो येथील हॉजसनची पेल एल आफ्रिकेस वळसा घालून, महिनेच्या महिने पिंपांत हेलकावे खात हिंदुस्थानास येत असे, आणि प्रवासांत मुरून अधिक चांगली होते अशी तिची ख्याति होती. तिच्या या वंशजेस पुण्याहून परभणीचा उन्हाळाहि सोसत नाहीं! परंतु हा कर्त्याचा दोष म्हणतां येणार नाहीं. जिचें सारें वैभव उडून जाणाऱ्या सुवासांत आहे, ती थंडाव्यांत ठेवून ताजीच घ्यावी. दोष असला तर तो ठेवणाऱ्या आमचा.

तथापि या बाटलीनें आम्हांस एक धडा दिला. आडगांवच्या रसिकास स्तुति ताजी मिळते आणि वस्तु शिळी. नाटक असो, पुस्तक असो, पेय असो. अशा वेळीं पुण्याचे शब्द उसने घेऊन 'वाहवा' म्हणण्याचा मोह होतो. त्या दिवशीं घरीं एका स्नेह्यांनीं घोट घेऊन, आमच्याकडे पाहत, "फारच सुंदर!" म्हटलें. आम्हीहि मान डोलावली. ती मान आम्ही आज परत घेत आहों. आपल्या पेल्यांत जें आहे तेंच सांगावें, आणि आपल्या जिभेच्या शब्दांत सांगावें. रसिकतेचा आरंभ तेथूनच होतो.