रमाबाईंच्या पुढची वाट

समाजसुधारक, शारदासदन आणि मुक्तिमिशनच्या संस्थापक म्हणून पंडिता रमाबाई आपल्याला ठाऊक आहेत. धर्मग्रंथाच्या भाष्यकार म्हणून मात्र मराठी समीक्षेने त्यांच्याकडे क्वचितच पाहिले. बायबलच्या अर्थनिर्णयात स्त्रियांना आणि लिंगविविधतेला स्थान किती, हा प्रश्न मराठीत मांडायचा तर सुरुवात त्यांच्यापासूनच करावी लागते.

१८८३मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यावर त्या चेल्टनहॅमला होत्या. त्यांनी पुरुषांना शिकवण्याला बिशपांनी हरकत घेतली. आपली विवेकबुद्धी कोणाच्या स्वाधीन करणार नाही, असे रमाबाईंनी पत्रांतून ठणकावून सांगितले. पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी साध्या बोलीत अख्ख्या बायबलचे भाषांतर केले. केडगावच्या छापखान्यात खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतची कामे स्त्रियाच करत. १९२२मध्ये रमाबाई गेल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४मध्ये निघाला.

अमेरिकेत एलिझाबेथ कॅडी स्टँटन यांनी १८९५मध्ये ‘द वुमन्स बायबल’चा पहिला भाग काढून बायबलमधल्या पुरुषी वर्चस्वावर थेट हल्ला चढवला होता. रमाबाईंची श्रद्धा अढळ होती. त्यांनी ग्रंथ नाकारला नाही, तो वाचण्याचा आणि सांगण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला. माझ्या मते ही कृती स्टँटन यांच्या बंडाइतकीच मूलगामी आहे.

लक्ष्मीबाई टिळकांनी ना. वा. टिळकांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ पुरे केले, तेव्हा हाच अधिकार काव्यात उतरला. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’मुळे तर हा ग्रंथ चर्चच्या भिंतींबाहेरच्या मराठी वाचकापर्यंत पोहोचला. भाषांतराची परंपरा अशी श्रीमंत असताना स्त्रीवादी भाष्याची बाजू मात्र लंगडीच राहिली.

लिंगविविधतेबाबत तर उणीव अधिकच बोचते. भारतीय ख्रिस्ती मंडळ्यांच्या राष्ट्रीय परिषदेचे मुख्यालय नागपुरात आहे. मानवी लैंगिकता आणि लिंगविविधता यांवरचा तिचा लेखसंग्रह रॉजर गायकवाड आणि थॉमस नायनन यांनी २०१७मध्ये संपादित केला, तो इंग्रजीत. मराठी वाचकाला या चर्चेसाठी इंग्रजीचाच आधार घ्यावा लागतो.

खुद्द बायबलमध्ये चर्चेची सामग्री भरपूर आहे. ‘अनुवाद’ या पुस्तकातला तेविसावा अध्याय खच्ची केलेल्या पुरुषांना मंडळीबाहेर ठेवतो. यशयाचा छपन्नावा अध्याय त्यांनाच देवाच्या घरात मानाचे, कधीही न पुसणारे नाव देऊ करतो. प्रेषितांच्या कृत्यांत इथिओपियाचा असा एक अधिकारी रथात यशयाचाच ग्रंथ वाचत असतो आणि फिलिप त्याला वाटेतच बाप्तिस्मा देतो. ग्रंथातच नियम आणि त्याला दिलेले उत्तर समोरासमोर उभे आहेत. त्या काळातले हे पुरुष म्हणजेच आजच्या पारलिंगी व्यक्ती, असे सरसकट म्हणणे घाईचे ठरेल. पण देवाच्या घराचे दार कोणासाठी उघडायचे, हा वाद खुद्द ग्रंथाने मांडलेला आहे, हे कोणत्याही प्रामाणिक भाष्यकाराला मान्य करावेच लागेल.

चर्चची पदे हळूहळू खुली होत आहेत. २०१३मध्ये दक्षिण भारत मंडळीत ई. पुष्पललिता बिशप झाल्या. पण पद मिळाले म्हणून अर्थ आपोआप बदलत नाही. त्यासाठी मूळ भाषा जाणणाऱ्या स्त्रिया आणि पारलिंगी अभ्यासक हवेत, त्यांना शिष्यवृत्त्या हव्यात आणि त्यांची मराठी भाष्ये छापणारे प्रकाशक हवेत. ज्यांच्याविषयी वचने सांगितली जातात, त्यांनाच त्या वचनांचा अर्थ सांगू द्या. मराठी ख्रिस्ती समाजाने हे काम आता हाती घ्यावे.