एलिस आयलंडची रांग आणि रांगेत न बसणारे इटालियन

‘आमचं आडनाव मूळचं वेगळंच होतं, कुठल्यातरी कारकुनाने चुकीचं लिहिलं’ ही गोष्ट वंशावळ लिहायला बसलेल्या जवळजवळ प्रत्येकाकडे असते. अमेरिकेतल्या इटालियन घरांत ती देव्हाऱ्यातल्या टाकासारखी जपलेली आहे. तिचं पक्कं रूप ठरवलं ते ‘द गॉडफादर, भाग २’ (१९७४) या चित्रपटाने. सिसिलीतून पळून आलेला पोरका मुलगा न्यूयॉर्कच्या एलिस आयलंडवर उभा आहे, तोंडातून शब्द फुटत नाही, छातीवरच्या चिठ्ठीत नाव-गाव लिहिलेलं. अधिकारी घाईने वाचतो आणि व्हीतो आंदोलिनी हा कोर्लिओने गावचा मुलगा जन्मभरासाठी व्हीतो कोर्लिओने होतो. प्रसंग इतका नेमका बसलाय, की तो इतिहास नाही हे सांगणाऱ्याचाच लोकांना राग येतो.

पण तो इतिहास नाही. एलिस आयलंडवर नावं लिहिली जात नव्हती, तपासली जात होती. १८९३ च्या अमेरिकन कायद्याने प्रवाशांची सविस्तर यादी जहाज कंपनीने करायची होती, म्हणजे नाव लिहिलं जायचं ते नेपल्स, पालेर्मो किंवा जेनोव्हा इथे, इटालियन आडनावं रोज ऐकणाऱ्या माणसाच्या हातून. या यादीतले प्रश्न पुढे २९ पर्यंत गेले. नाकारलेल्या प्रवाशाला परत नेण्याचा खर्च कंपनीच्याच माथी असायचा, त्यामुळे यादी नीट भरण्यात तिचा स्वार्थ होता. न्यूयॉर्कचा अधिकारी ती यादी समोर ठेवून दुभाष्यामार्फत प्रश्न विचारी. १९०७ ते १९१० या काळात तिथल्या दुभाष्यांपैकी एक होता फिओरेल्लो ला ग्वार्डिया, पुढे न्यूयॉर्कचा महापौर झाला तोच. त्याचे वडील दक्षिणेतल्या फोज्जा प्रांतातले आणि आई त्रिएस्तेची ज्यू. गंमत अशी, की ‘गॉडफादर’मधला एलिस आयलंडचा भाग चित्रित झाला तो याच त्रिएस्तेच्या जुन्या मासळीबाजारात! नावं बदलली हे खरं, पण ती नंतर: शाळेत, मुकादमाच्या हजेरीवहीत, आणि बरेचदा माणसाने स्वतःच, सोयीसाठी.

आता ज्या चित्रपटासाठी हा लेख लिहायला घेतला तो ‘नुओवोमोन्दो’ (२००६). दिग्दर्शक एमानुएले क्रियालेझे. व्हेनिसच्या महोत्सवात त्याला पुरस्कार मिळाला, इंग्रजीत तो ‘गोल्डन डोअर’ या नावाने गेला. आपल्याकडे तो फारसा कुणी पाहिलेला दिसत नाही, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. सिसिलीच्या डोंगराळ भागातला साल्वातोरे मांकूझो हा विधुर शेतकरी. तो आणि त्याचा मुलगा तोंडात दगड धरून अनवाणी डोंगर चढतात आणि वरच्या क्रुसापाशी देवाकडे कौल मागतात: जाऊ की नको? तेवढ्यात अमेरिकेहून आलेली पोस्टकार्डं हाती पडतात. त्यांवर माणसाएवढ्या भाज्या, झाडाला लगडलेली नाणी. छायाचित्रकाराची ही करामत त्यांना खरी वाटते. घरदार, गुरं विकून दोन मुलगे आणि म्हातारी आई फोर्तुनाता यांना घेऊन साल्वातोरे निघतो.

बोट सुटते तो प्रसंग एकट्यासाठी अख्खा चित्रपट बघावा असा आहे. कॅमेरा थेट वरून. एक सलग गर्दी दिसते, कोण जाणारा, कोण पोचवायला आलेला हे कळत नाही. मग गर्दीच्या मधोमध एक रेघ उमटते आणि रुंदावत जाते. तेव्हा लक्षात येतं, की अर्धी माणसं धक्क्यावर होती आणि अर्धी बोटीवर. संवाद नाही, संगीत नाही. स्थलांतरावरचे जाडजूड ग्रंथ वाचून माझ्या मनात जे ठसलं नव्हतं ते या मिनिटभरात ठसलं.

दुसरी मोठी जमेची बाजू भाषेची. साल्वातोरेच्या घरचे सिसिलियन बोलतात, पुस्तकी इटालियन नाही. कोपोलानेही ‘गॉडफादर’मध्ये सिसिलियन वापरली, त्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं. पण तिथे ती टोळीची खासगी भाषा वाटते, इथे ती त्या माणसांची एकमेव भाषा आहे. हा फरक लहान नाही. इटलीचं राज्य १८६१ मध्ये एक झालं तेव्हा प्रमाण इटालियन येणारे लोक किती होते? तुल्लिओ दे माउरोंचा अंदाज अडीच टक्के, आर्रिगो कास्तेल्लानींचा दहा टक्क्यांच्या आसपास. वरचा आकडा घेतला तरी दहातल्या नऊ जणांना आपल्या ‘राष्ट्रभाषे’चा पत्ता नव्हता. व्हेनेतोचा शेतकरी आणि कालाब्रियाचा मजूर समोरासमोर आले तर खुणांवर भागवायचे. इटालियनमध्ये यासाठी एक शब्दच आहे, ‘काम्पानिलिझ्मो’: आपल्या चर्चच्या घंटाघराची सावली पडते तेवढंच आपलं जग. न्यूयॉर्कमध्येही मलबेरी स्ट्रीटवर नेपल्सकडचे, एलिझाबेथ स्ट्रीटवर सिसिलीचे अशी वस्ती झाली ती त्यातूनच.

हा भेद अमेरिकन सरकारलाही ठाऊक होता, पण त्याची नोंद त्यांनी विचित्र केली. १८९९ पासून आगमनाच्या तक्त्यात इटालियनांसाठी एक नाही, दोन रकाने होते: उत्तर इटालियन आणि दक्षिण इटालियन, जणू दोन ‘वंश’च. १८९९ ते १९१० या काळात पहिल्या रकान्यात पावणेचार लाखांच्या आतबाहेर, दुसऱ्यात एकोणीस लाखांवर माणसं पडली. मी आयुष्यभर कारखान्यात मोजमापं घेतली, त्यामुळे आकडा दिसला की आधी मापपट्टी तपासायची सवय. इथली मापपट्टी अशी, की पो नदीच्या खोऱ्यातले तेवढे उत्तरेचे आणि बाकी सगळं द्वीपकल्प व बेटं दक्षिणेची. या हिशेबात जेनोव्हासुद्धा दक्षिणेत जातं! नकाशा काढून बघा, जेनोव्हा फ्लोरेन्सच्याही वर आहे. म्हणजे अमेरिकेत पाय ठेवणारा सगळ्यात प्रसिद्ध जेनोव्हाकर, ख्रिस्तोफर कोलंबस, या तक्त्यानुसार ‘दक्षिण इटालियन’ ठरला असता. आणि हा नुसता कागदी घोळ नव्हता. दक्षिणेचे लोक मागास, गुन्हेगार वृत्तीचे, असं त्या काळचे तथाकथित शास्त्रज्ञ लिहीत होते, त्यात इटलीचेच काही विद्वान पुढे. १८९१ मध्ये न्यू ऑर्लिन्सला जमावाने ११ इटालियनांना मारलं. तिथली बहुतेक इटालियन वस्ती सिसिलीची होती.

क्रियालेझेने एलिस आयलंडवरचा हा तुच्छतेचा भाग फार थंडपणे, म्हणून परिणामकारक दाखवलाय. लाकडी ठोकळे जुळवायची बुद्धीची परीक्षा, डोळ्यांची-केसांची तपासणी, पूर्वी कधी न पाहिलेल्या नवऱ्यांच्या हाती सोपवल्या जाणाऱ्या मुली. आजी फोर्तुनाता या सगळ्याला ठाम नकार देते. माझ्या मते चित्रपटातलं सगळ्यात शहाणं पात्र तेच.

तक्रार इथून सुरू होते. साल्वातोरे अमेरिकेत दुधाच्या नद्या वाहतात असं मानून निघतो, आणि दिग्दर्शक त्या नद्या आपल्याला दाखवतोही. काव्य म्हणून सुंदर आहे. पण यामुळे शेतकरी भोळा, जवळजवळ बाळबोध ठरतो. प्रत्यक्षात हा माणूस पक्का हिशेबी होता. तिकडून आलेली पत्रं गावात मोठ्याने वाचली जात. कुठे मजुरी किती, तिकीट कितीला, हे त्याला पोस्टकार्डापेक्षा चुलतभावाकडून कळायचं. १८८५ च्या अमेरिकन कायद्याने आधी करार करून मजूर आणायला बंदी होती, म्हणून ‘काम ठरलंय का?’ या प्रश्नाला ‘नाही’ म्हणायचं आणि त्याच वेळी ‘पोट भरायची धमक आहे’ हेही पटवायचं, ही कसरत तो घरूनच घोकून यायचा. आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत गेलेल्या इटालियनांपैकी निम्म्याच्या आसपास परत गेले, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांना जग जिंकायचं नव्हतं, गावात जमिनीचा तुकडा घ्यायचा होता. हा पैसा इतका मोठा होता, की १९०१ मध्ये इटलीने कायदा करून तो पाठवायचं काम बांको दी नापोलीकडे सोपवलं. ‘नुओवोमोन्दो’त आजीच्या निर्णयात परतीचा विषय येतो खरा, पण म्हातारीचा हट्ट म्हणून. तो गावोगावचा रोजचा व्यवहार होता हे दिसत नाही.

दुसरी तक्रार नावाची. ‘नुओवोमोन्दो’ म्हणजे नवं जग, आणि चित्रपटात ते जग म्हणजे न्यूयॉर्क, तेही धुक्याआड. पण १८७६ ते १९१५ या काळात इटलीतून सुमारे १ कोटी ४० लाख माणसं बाहेर पडली, काही युरोपातच गेली, आणि अटलांटिक ओलांडणाऱ्यांचा मोठा ओघ आधी दक्षिण अमेरिकेकडे होता. अर्जेंटिनात पहिल्या महायुद्धापर्यंत वीस लाखांहून जास्त इटालियन उतरले. जेनोव्हाचे खलाशी तर त्याआधीपासून ब्युनोस आयर्सच्या ला बोका बंदरात होते. बोका ज्युनियर्स या फुटबॉल संघाला आजही ‘जेनोव्हाकर’ म्हणतात, त्यांच्याच बोलीतल्या शब्दाने. ब्राझीलमध्ये १८८८ ला गुलामगिरी संपली आणि कॉफीच्या मळ्यांना माणसं हवी झाली. साओ पाउलो सरकारने तिकिटाचे पैसे भरले, व्हेनेतोतली कुटुंबंच्या कुटुंबं गेली. तिथले हाल ऐकून १९०२ मध्ये इटलीने फुकट तिकिटावर जायला बंदी घातली. पैकी सगळ्यात चतुर मला वाटतात ते ‘गोलोन्द्रिना’, म्हणजे पाकोळ्या. इटलीतलं शेतकाम आटोपलं की बोट पकडायची, अर्जेंटिनात तेव्हा उन्हाळा, तिथली गव्हाची कापणी करायची आणि वसंतात घरी हजर. वर्षात दोन सुगी! यावर अजून कुणी मोठा चित्रपट कसा केला नाही?

आणि विरोधाभास बघा, ‘नुओवोमोन्दो’चं एलिस आयलंड उभारलं गेलं ते अर्जेंटिनात, ब्युनोस आयर्सला. म्हणजे जिथे खरोखर लाखो इटालियन उतरले त्या शहरात जाऊन चित्रपटाने दुसऱ्याच शहराची गोष्ट सांगितली.

बाहेरच्यांनी सगळ्यांना एकच नाव देणं हा प्रकार आपल्या वाचकांना नवा नाही. बडोद्यात कोकणातला, देशावरचा, सगळेच ‘दक्षिणी’ झाले. मात्र ही तुलना फार ताणू नये. आपले पूर्वज बडोदा-इंदूर-ग्वाल्हेरला आले ते बहुतांशी राज्यकर्त्यांच्या मागोमाग. मांकूझो मंडळी आली ती फावडं घेऊन. अर्जेंटिनात मात्र असंच झालं: ‘नापोलितानो’चं तुटून ‘तानो’ झालं आणि मिलानच्या माणसालाही तेच चिकटलं. न्यूयॉर्कला १८९२ मध्ये तिथल्या इटालियन वृत्तपत्राने वर्गणी जमवून कोलंबसाचा स्तंभ उभारला. घरी असताना ज्यांनी जेनोव्हाकराला परका मानलं असतं, त्यांनी परदेशात त्यालाच कुलपुरुष केला. इटालियन होणं हे बऱ्याच जणांच्या बाबतीत इटली सोडल्यावर घडलं. ‘नुओवोमोन्दो’ आपल्याला या घटनेच्या दारापर्यंत आणतो आणि दार उघडायच्या आत संपतो.

ज्यांना दाराच्या पलीकडचं बघायचंय त्यांनी ‘ओ क्वात्रीलो’ (१९९५) हा फाबिओ बार्रेतोचा ब्राझिलियन चित्रपट मिळवावा. ऑस्करच्या परभाषिक विभागात त्याला नामांकन होतं. काळ १९१० च्या सुमाराचा, जागा ब्राझीलच्या दक्षिण टोकाचं रिओ ग्रांदे दो सुल, जिथे व्हेनेतोकडच्या बोलीतून घडलेली ‘तालियान’ आजही बोलली जाते आणि २०१४ मध्ये तिला ब्राझील सरकारने सांस्कृतिक वारसा म्हणून मान्यता दिली. दोन जोडपी खर्च वाचवायला एका घरात राहतात. एकाची बायको दुसरीच्या नवऱ्याबरोबर निघून जाते. मागे उरलेली दोघं एकत्र संसार आणि धंदा चालवतात, गाव आणि पाद्री काय म्हणेल ते म्हणो. पटकथा जरा मालिकेसारखी सैल आहे, संगीत जास्त झालंय. पण त्यात जमिनीचे हप्ते आहेत, पत्त्यांचा डाव आहे, आणि दुधाची नदी कुठेही नाही.