सिग्विन : एक पुनर्विचार

विंडोजवर युनिक्सच्या धर्तीच्या आज्ञावली चालविण्याच्या प्रयत्नांत १९९५ साली स्टीव्ह चेंबरलेन यांनी आरंभिलेल्या ‘सिग्विन’चे स्थान निराळे आहे. लिनक्ससाठी सिद्ध झालेली आज्ञावली तेथे जशीच्या तशी चालत नाही. मूळ संहिता घेऊन ती पुन्हा कंपाइल करावी लागते. पुढे युनिक्सच्या मागण्या विंडोजला समजतील अशा रीतीने पोहोचविण्याचे काम सिग्विनची लायब्ररी करते. हे भाषांतर कोठे अडखळते, ते ‘फोर्क’वरून दिसते. चालू प्रक्रियेची प्रतिकृती काढण्याची ही सोय विंडोज आज्ञावलींना देत नाही. म्हणून सिग्विनला जनक प्रक्रियेची स्मृती नव्या प्रक्रियेत उतरवून घ्यावी लागते. साहजिकच असंख्य लहान प्रक्रिया निर्माण करणारी ‘कॉन्फिगर’ तेथे रेंगाळते.

२०१९ साली मायक्रोसॉफ्टने जाहीर केलेल्या डब्ल्यूएसएल-२ ने भाषांतराचा मार्गच सोडला व खरा लिनक्स-गाभा आभासी यंत्रात बसविला. त्यामुळे ही अडचण दूर झाली, हे मान्य केले पाहिजे. परंतु तेथे कंपाइल होते ती लिनक्सची आज्ञावली. सिग्विनमध्ये, लायब्ररी सोबत असली तरी, विंडोजची. दोहोंचे साध्यच भिन्न असल्यामुळे केवळ वेगाच्या कसोटीवर सिग्विनला कालबाह्य ठरविणे आम्हांस न्याय्य वाटत नाही. दोन प्रणालींतील भेद ज्या अभ्यासकास जाणून घ्यावयाचा आहे, त्याने सिग्विनचा हा संथपणा अवश्य तपासून पाहावा.