अर्ध्यावर सोडलेले भाषण

मोर्चा रस्त्यावर उतरला आणि आंदोलन लांबले, की आपल्याकडे एक अवतरण हमखास बाहेर येते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी घटना समितीत केलेल्या समारोपाच्या भाषणातले ते असते. कायदेभंग, असहकार आणि सत्याग्रह हे मार्ग आता सोडून द्यावेत, कारण ते अराजकाचे व्याकरण आहे, असा त्याचा आशय. खुद्द घटनाकारच असे सांगून गेले, मग पुढे बोलायचे काय, असा ते वापरणाऱ्यांचा सूर असतो. उलट आंदोलनाच्या बाजूची माणसे हे वाक्य शिताफीने टाळतात आणि थेट महाडच्या तळ्यावर जाऊन उभी राहतात. पहिल्या पक्षाला 1949 चे बाबासाहेब हवे असतात, दुसऱ्याला 1927 चे. माणूस मात्र एकच होता.

मी विद्यापीठातला अभ्यासक नाही. महाराष्ट्र शासनाने काढलेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे इंग्रजी खंड शब्दकोश शेजारी ठेवून, वर्षानुवर्षे थोडेथोडे वाचत आलो. या वाचनातून एक गोष्ट पक्की झाली. हे भाषण तेराव्या खंडात आहे. पण ते कळायचे तर दुसरा खंडही उघडावा लागतो.

आधी भाषणाची रचना पाहू. लोकशाही टिकवायची तर काय करावे, याची तीन उत्तरे बाबासाहेब देतात. सामाजिक आणि आर्थिक उद्दिष्टांसाठी सनदशीर मार्गच धरावा, हे पहिले. कोणत्याही थोर पुरुषाच्या पायी आपले स्वातंत्र्य वाहू नये, हे दुसरे. राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते, असे ते बजावतात. केवळ राजकीय लोकशाहीवर समाधान मानू नये, हे तिसरे. 26 जानेवारी 1950 पासून राजकारणात समता आणि समाजात विषमता, असे विसंगतीचे जीवन सुरू होईल. ती विसंगती लवकर मिटवली नाही तर विषमतेने गांजलेले लोक हा डोलाराच उद्ध्वस्त करतील, असे ते सांगतात.

तीन इशाऱ्यांपैकी पहिला नागरिकांना आहे, दुसरा नागरिकांना आणि नेत्यांनाही, तिसरा मुख्यतः सत्ता आणि संपत्ती ज्यांच्या हाती आहे त्यांना. पहिला सांगून तिसरा गाळणे म्हणजे कराराचे एकच कलम वाचून दाखवणे. शिवाय पहिल्या इशाऱ्यालाही अट जोडलेली आहे. सनदशीर मार्ग बंद होते तेव्हा इतर मार्गांना पुष्कळ समर्थन होते, हे ते स्वतःच मान्य करतात. मार्ग खुले असताना ते समर्थन उरत नाही, एवढाच त्यांचा दावा आहे. सगळा भार ‘खुले’ या शब्दावर आहे.

मार्ग कागदावर खुला आणि प्रत्यक्षात बंद असला तर? या प्रश्नाचे उत्तर भाषणात नाही. ही मला त्यातली खरी उणीव वाटते. पण ते उत्तर बाबासाहेबांनी बावीस वर्षांपूर्वी कृतीतून दिले होते.

सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मुंबई कायदेमंडळात 1923 साली झाला होता. महाड नगरपालिकेनेही 1924 मध्ये चवदार तळे खुले केले होते. म्हणजे 20 मार्च 1927 रोजी ओंजळीने पाणी पिणाऱ्यांनी कोणताही कायदा मोडला नव्हता. कागदावर मिळालेला हक्क त्यांनी वापरला होता. त्या दिवशी परिषदेच्या लोकांवर हल्ला झाला, तेव्हा बाबासाहेबांनी उलट हात उचलू दिला नाही. डिसेंबरमध्ये हजारो माणसे पुन्हा महाडात जमली. पण विरोधकांनी दिवाणी न्यायालयातून तात्पुरता मनाई हुकूम आणला होता. जमाव तयारीचा होता, तरी बाबासाहेबांनी पाणी घेण्याचा कार्यक्रम थांबवला आणि तळ्याभोवती फक्त मिरवणूक काढली. पुढचा लढा न्यायालयात झाला. मुंबई उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल आला तो मार्च 1937 मध्ये.

महाडचे अभिमानाने नाव घेणाऱ्यांनी ही दहा वर्षे विसरू नयेत, आणि सनदशीर मार्गाचा उपदेश करणाऱ्यांनीही विसरू नयेत. तळ्यावर कोणी गेलेच नसते, तर नगरपालिकेचा ठराव दप्तरातच राहिला असता. न्यायालयाला काही ठरवण्याची वेळही आली नसती. इथे आंदोलनाने सनदशीर मार्गाला काम दिले.

यावर आक्षेप असा, की ते परकीय सरकार होते. म्हणून दुसरा खंड उघडायचा. 1937 च्या निवडणुकीनंतर मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ आले. मतदानाचा हक्क मर्यादित होता, पण सरकार निवडून आलेले होते. त्याने 1938 मध्ये औद्योगिक कलहाचे विधेयक आणले; त्यात समेटाची सक्ती होती आणि काही संप बेकायदा ठरत होते. बाबासाहेबांनी विधिमंडळात विधेयकाला कलमवार विरोध केला. संपाचा हक्क म्हणजे स्वातंत्र्याचाच हक्क, असे त्यांनी मांडले. आणि 7 नोव्हेंबर 1938 रोजी त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने कम्युनिस्टांबरोबर मुंबईत एक दिवसाचा संप केला. कायदा तरीही झाला. पण सभागृहातले भाषण आणि रस्त्यावरचा संप एकमेकांना छेद देतात, असे त्यांना तेव्हा वाटले नव्हते. 1949 च्या यादीतही मोर्चा, सभा, संप यांची नावे नाहीत. शस्त्रांशिवाय शांततेने एकत्र जमण्याचा हक्क तर त्याच राज्यघटनेच्या कलम 19 मध्ये आहे, वाजवी निर्बंधांसह.

प्रौढ मताधिकार आल्यानंतरचे उदाहरण आपल्या घरचेच आहे. संयुक्त महाराष्ट्राची मागणी लोकांनी अर्ज-विनंत्यांतून मांडली, आयोगापुढे मांडली, आणि ती नाकारली गेल्यावर रस्त्यावर मांडली. नोव्हेंबर 1955 आणि जानेवारी 1956 मध्ये मुंबईत गोळीबार झाले; शंभरावर माणसे गेली, हुतात्मा चौक त्यांच्या नावाने उभा आहे. त्या दिवसांत जमावाकडूनही दंगल झाली, हे झाकण्यात अर्थ नाही. पण फेब्रुवारी 1956 मध्ये समिती स्थापन झाली आणि या संतापाला संघटनेचे रूप आले. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनही समितीत होते. 1957 च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्राने समितीला कौल दिला; बाबासाहेबांचे निकटचे सहकारी दादासाहेब गायकवाड नाशिकमधून लोकसभेवर गेले. 1 मे 1960 हा दिवस मोर्चाने आणला की मतपेटीने, हा प्रश्नच चुकीचा आहे. मोर्चाने प्रश्न जिवंत ठेवला, मतपेटीने त्याचे वजन मोजून दाखवले.

मग प्रत्येक आंदोलन वैध का? नाही. केरळ उच्च न्यायालयाने 1997 मध्ये सक्तीचा ‘बंद’ घटनाबाह्य ठरवला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. मला तो पटतो. मी काम थांबवतो तेव्हा स्वतःची मजुरी पणाला लावतो. दुसऱ्याचे दुकान दगड दाखवून बंद करतो तेव्हा त्याची. मात्र सर्वोच्च न्यायालयानेच 1972 मध्ये, अहमदाबादच्या एका प्रकरणात, रस्त्यावरील सभेला परवानगी नाकारण्याचा पोलिसांचा निरंकुश अधिकार रद्द केला होता, हेही त्याच दमात सांगायला हवे.

या सगळ्यातून मी तीन कसोट्या काढतो. मागणी आधी सनदशीर दारावर नेली होती का? आंदोलनाची किंमत मुख्यतः आंदोलक स्वतः मोजत आहेत का? आणि ते न्यायालय, निवडणूक, कायदेमंडळ यांच्याकडे परत जाते का? महाड या तिन्ही कसोट्यांवर उतरते. 1956 चे मुंबईतले काही दिवस दुसऱ्या कसोटीवर अडखळतात, पण एकूण चळवळ उतरते. पक्षांनी लादलेले बरेचसे ‘बंद’ मात्र पहिल्याच कसोटीवर पडतात.

राज्यकर्त्यांसाठी कसोटी एकच आहे. दारे खुली आहेत असे म्हणताना ती आतून कडी घातलेली तर नाहीत ना, हे त्यांनी पाहावे. कडी घातलेल्या दारापुढे उभे राहून सनदशीर मार्गाचा पाठ देणाऱ्याने 25 नोव्हेंबरचे भाषण शेवटपर्यंत वाचलेले नसते.