भूमी, अब्रू आणि स्त्री : मिशेल ख्लैफी यांचे दोन चित्रपट

पॅलेस्टिनी चित्रपटांच्या समीक्षेत स्त्री आणि भूमी यांचे समीकरण वारंवार मांडले जाते. अरबीत ‘अर्द’ म्हणजे जमीन आणि ‘इर्द’ म्हणजे अब्रू. ही अब्रू विशेषतः घरातील स्त्रियांच्या शीलावर अवलंबून असते. मराठी कानाला हे शब्द सगोत्र वाटावेत. वस्तुतः त्यांची आद्य व्यंजने भिन्न, धातूही भिन्न. नाते नादाचे आहे, व्युत्पत्तीचे नव्हे. तथापि इतिहासाने ते घट्ट केले. १९४८ साली अब्रूच्या भयाने अनेक कुटुंबांनी गावे सोडली. १९६७ नंतर ‘अब्रूच्या आधी जमीन’ ही घोषणा पुढे आली. दोहोंचा क्रम बदलला, परंतु दोहोंचा धनी पुरुषच राहिला.

ख्लैफी यांच्या ‘गॅलिलीतील विवाह’ (१९८७) या चित्रपटाला कान महोत्सवात समीक्षकांचे पारितोषिक लाभले. त्यात संचारबंदीतील एका गावचा मुखत्यार मुलाच्या लग्नासाठी लष्करी अधिकाऱ्याची परवानगी मागतो. अधिकाऱ्याला सन्माननीय पाहुणा करण्याची अट त्याला मान्य करावी लागते. बापाच्या या तडजोडीने खचलेला वर पतिधर्म पार पाडू शकत नाही. बाहेर मंडळी रक्तांकित चादरीची वाट पाहत असतात. अखेर वधू स्वतःच सुरी हाती घेते. अब्रूची खूण मिळते. तिचा अर्थ मात्र नाहीसा झालेला असतो. हा प्रसंग धीट खरा, परंतु वधूचे शरीर येथेही चिन्ह म्हणूनच वापरले जाते.

याउलट ‘सुपीक स्मृती’ (१९८०) हा आधीचा माहितीपट अधिक मूलगामी आहे. त्याची कीर्ती तुलनेने कमी, हे दुर्दैवच. त्यात दोन स्त्रिया आहेत : घटस्फोटित कादंबरीकार सहर खलीफा आणि ख्लैफी यांची विधवा मावशी (किंवा आत्या, अरबी आप्तवाचक शब्द हा भेद राखतात, इंग्रजी अनुवाद नाही) फराह हातूम. फराह इस्रायली कारखान्यात पोहण्याचे पोशाख शिवते. सरकारने बळकावलेल्या जमिनीचा मोबदला घ्यावा, असे मुले विनवतात. ती नकार देते. मजुरी ती घेते, मोबदला नाही. येथे स्त्री जमिनीची प्रतिमा नसून मालकीण आहे. पुनर्विवाहासंबंधीची तिची मते सनातनी आहेत आणि खलीफांच्या मतांशी ती मुळीच जुळत नाहीत. ख्लैफी हा विरोध मिटवीत नाहीत. फराह आपल्या शेतात उभी राहते तेव्हा कॅमेरा काही सुचवू पाहत नाही; पायाखालची माती तेवढी दाखवतो.