नऊ इंची स्मरणरंजन

गेल्या दिवाळीत माळा आवरताना आईनं एक चपटी पिशवी खाली सोडली आणि विचारलं, "हे भंगारात द्यायचं का?" आत डेलचा 'मिनी ९' होता. २००८ सालचा, ८.९ इंची पडद्याचा, वहीएवढा लॅपटॉप. मावसभावानं अमेरिकेहून येताना आणलेला आणि २०१५ मध्ये मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला गेलो तेव्हा "खेळायला घे" म्हणून मला दिलेला. "नाही, नाही, ते राहू दे," मी जरा जास्तच जोरात म्हणालो. आईनं माझ्याकडे पाहिलं. आजीचं पितळी घंगाळ मोडीत गेलं तेव्हा मी चकार शब्द काढला नव्हता.

ह्या यंत्रात जीव अडकण्यासारखं काय आहे? माझ्या व्यवसायातल्या बऱ्याच लोकांचा असा कुठल्यातरी छोट्या, स्वस्त, आता निकामी लॅपटॉपमध्ये जीव अडकलेला असतो. त्यावर लेख लिहिले जातात, व्हिडिओ केले जातात. त्यांचा साचाही ठरलेला आहे: धूळ पुसायची, चार्जर शोधायचा, यंत्र सुरू झालं की "बघा, अजून चालतंय" म्हणायचं, आणि शेवटी "आजकालच्या लॅपटॉपमध्ये ती मजा नाही" असा उसासा टाकायचा. मी असे लेख आवडीनं वाचतो. म्हणूनच त्यांच्याबद्दल तक्रार करायचा थोडा हक्क मला आहे असं वाटतं.

आधी पार्श्वभूमी. २००७ च्या अखेरीस आसुसचा 'ई पीसी ७०१' बाजारात आला. सात इंची पडदा, ५१२ एमबी रॅम, चार जीबी साठवण आणि लिनक्स. त्याच्या मागोमाग एसरचा 'ॲस्पायर वन', एमएसआयचा 'विंड', डेलचा 'मिनी' अशी रांग लागली. ह्या जातीला 'नेटबुक' म्हणायला लागले. कंपन्यांच्या मनात हे घरातलं दुय्यम यंत्र होतं. मेल बघा, नेट बघा, झालं. पण यंत्र इतकं स्वस्त होतं की लोकांना त्याची भीती वाटेना, आणि ते त्याच्यावर नाही नाही ते चढवायला लागले. त्यातला सगळ्यात चढेल प्रकार म्हणजे 'हॅकिन्टॉश': ॲपल सोडून इतरांच्या यंत्रावर ॲपलची मॅक ओएस. डेलचा मिनी ९ ह्या कामासाठी विशेष नावाजलेला होता, कारण त्याचे बहुतेक सुटे भाग मॅकला फारशी कुरकुर न करता ओळखू यायचे. खालचे दोन स्क्रू काढले की रॅम, साठवण, वायफायचं कार्ड सगळं समोर. पंखा नाही, त्यामुळे आवाजही नाही.

ॲपलला हे मान्य नव्हतं. मॅक ओएसच्या परवान्यातच ती फक्त ॲपलच्या यंत्रावर चालवायची अट होती. हॅकिन्टॉश बनवून विकणाऱ्या सायस्टार नावाच्या कंपनीवर ॲपलनं २००८ मध्ये दावा लावला आणि पुढच्या वर्षी जिंकलाही. नोव्हेंबर २००९ मध्ये स्नो लेपर्डचा १०.६.२ हा अपडेट आला आणि नेटबुकमधल्या इंटेल ॲटम प्रोसेसरचा आधार गेला. अपडेट घेतला की यंत्र सुरूच व्हायचं नाही. मग हौशी लोकांनी ओएसचा गाभाच दुरुस्त करून तोही अडथळा ओलांडला. जानेवारी २०१० मध्ये आयपॅड दाखवताना स्टीव्ह जॉब्झनं व्यासपीठावरून सांगितलं की नेटबुक कुठल्याच बाबतीत सरस नाही. तीनएक वर्षांत ती जात बाजारातून उठलीच.

म्हणजे मी ह्या खेळात उतरलो तेव्हा खेळ संपून गेलेला होता. माझं स्मरणरंजन मुळातच उसनं आहे.

'स्मरणरंजन' हा नॉस्टॅल्जियासाठी मराठीत रुळलेला शब्द. मूळ शब्द १६८८ मध्ये बाझलच्या योहानेस होफर ह्या वैद्यकाच्या विद्यार्थ्यानं आपल्या प्रबंधात घडवला: घरी परतणं आणि वेदना ह्या अर्थाचे दोन ग्रीक शब्द जोडून. घरापासून लांब असलेल्या स्विस माणसांना जडणाऱ्या आजाराचं ते नाव होतं. मराठीत आणताना आपण वेदना काढली आणि तिथे रंजन बसवलं. भाषांतर म्हणून ते चुकीचं असेल, पण वर्णन म्हणून तंतोतंत आहे. जुन्या यंत्रांवरच्या लेखांत नेमकं हेच होतं.

तेव्हा वेदनेपासून सुरुवात करू. मिनी ९ चा कळफलक इतका आक्रसलेला होता की अवतरणचिन्हाची कळ नेहमीच्या जागेवरून उचलून खालच्या ओळीत टाकली होती. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला दर दुसऱ्या ओळीत अवतरणचिन्ह लागतं. पडदा १०२४ गुणिले ६०० बिंदूंचा. मॅकच्या कित्येक खिडक्या त्याहून उंच. 'ओके' हे बटण पडद्याच्या खाली, जमिनीत गाडल्यासारखं. ते तिथे असणार ह्या श्रद्धेवर एंटर दाबायचं. काही बिनसलं की पडद्यावर करडी छाया उतरायची आणि चार भाषांतून सांगितलं जायचं की यंत्र बंद करून पुन्हा चालू करा. ह्यात मी अख्ख्या रात्री घालवल्या. शिकलो का? हो, पुष्कळ. यंत्र सुरू होताना कुठल्या क्रमानं काय होतं हे मला वर्गात कळलं नाही, इथे कळलं.

पण मी हे का करत होतो? स्मरणरंजनात याचं उत्तर 'स्वातंत्र्य' असं येतं. ते पूर्ण खरं नाही. त्याच यंत्रावर लुबुंटू अधिकृतपणे, फुकट आणि उत्तम चालत होतं. ते सोडून मी तोडकंमोडकं मॅक चालवत होतो, कारण मला कॉलेजच्या कट्ट्यावर झाकण उघडून तो निळा-जांभळा अवकाश आणि खालची चकचकीत पट्टी दाखवायची होती. परवडत नसलेल्या बंगल्याच्या फाटकावर स्वतःच्या नावाची पाटी लावून फोटो काढावा, तसं. कुंपणावरून उडी मारणाऱ्याला कुंपण नको असतं असं नाही. कधीकधी त्याला फक्त आत असायचं असतं. हॅकिन्टॉशला बंड म्हणणाऱ्यांनी एवढं तरी कबूल करावं.

त्याच काळात एक खरोखर वेगळा छोटा लॅपटॉप होता. निकोलस नेग्रोपाँटेंच्या 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' योजनेचा हिरवा-पांढरा 'एक्सओ'. शंभर डॉलरचं आश्वासन होतं, किंमत त्याहून वर गेली. पण त्याच्या कळफलकावर एक कळ होती जिच्यामुळे समोर चालू असलेल्या गोष्टीचा मूळ कोड बघता यावा अशी कल्पना होती. उघडून बघायचा हक्क, थेट कळफलकावर! आपल्याकडे २००७ मध्ये कर्जत तालुक्यातल्या खैराटच्या शाळेत हे लॅपटॉप प्रयोग म्हणून दिले गेले. पेरूमध्ये ते फार मोठ्या संख्येनं वाटले गेले. तिथल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१२ मध्ये आले, तेव्हा गणित आणि भाषेच्या गुणांत फरक पडलेला दिसला नाही. नुसती कळ देऊन भागत नाही. रात्रभर जागायची मोकळीक, विचारायला मावसभाऊ आणि मोडलं तर दुसरं यंत्र, हे सगळं लागतं.

ही तिसरी गोष्ट मी माझ्या गोष्टीतून नेहमी वगळतो. मिनी ९ माझं दुसरं यंत्र होतं. दुसऱ्या वर्षाला माझ्या रूममेटकडे एकच लॅपटॉप होता. त्याच्या वडिलांनी पतसंस्थेचं कर्ज काढून घेतलेला. "तुझ्यावर तर मॅक पळेल," असं मी त्याला महिनाभर सांगत होतो. शेवटी तो हो म्हणाला. मी डिस्कचा चुकीचा भाग निवडला आणि पुसला. त्याचं सत्राचं सगळं सबमिशन गेलं, आणि गावाकडच्या जत्रेचे फोटो गेले, ज्यांत त्याचे आजोबा होते. तो ओरडला नाही. चार रात्री बसून सबमिशन पुन्हा टाइप केलं. फोटोंचं काहीच करता येण्यासारखं नव्हतं. हॅकिन्टॉशचे किस्से मी ऑफिसात अनेकदा सांगितले आहेत. हा किस्सा आज पहिल्यांदा सांगतो आहे. मोडायचं स्वातंत्र्य गोड लागायला मोडलेलं परवडावं लागतं.

मग मोडूच न देणारी यंत्रं बरी, असं म्हणायचं का? हा प्रश्न माझ्यापुरता फावल्या वेळचा नाही, कारण माझा पगार त्यावर चालतो. मी ज्या कंपनीत आहे तिच्या ॲपमधून लोक पैसे पाठवतात. फोनवरची मूळ ओएस बदललेली असेल तर ॲप उघडू नये, ही तपासणी गेल्या वर्षी मी लिहिली. कारण रास्त आहे. बदललेल्या फोनवरून फसवणूक होऊ शकते आणि माणसाची आयुष्यभराची बचत जाऊ शकते. रूममेटचा चेहरा डोळ्यांसमोर ठेवून मी ते काम मनापासून केलं असंही म्हणता येईल.

दोन महिन्यांनी एका शिक्षिकेची तक्रार माझ्यापर्यंत आली. त्यांच्या जुन्या फोनला कंपनीनं अपडेट देणं बंद केलं होतं. भाच्यानं त्यावर लिनिएजओएस टाकून दिली. फोन पुन्हा नीट चालू लागला, सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्याही मिळू लागल्या. आणि आमचं ॲप बंद पडलं. त्याच जातीचा, कित्येक वर्षं दुरुस्ती न मिळालेला, पण 'अधिकृत' फोन माझ्या तपासणीतून बिनबोभाट पुढे जातो. "आपले उपकरण समर्थित नाही" हे उत्तर त्यांना आपोआप गेलं होतं. ते वाक्यही माझंच.

तो भाचा म्हणजे मीच, दहा वर्षांपूर्वीचा. फक्त त्यानं माझ्यापेक्षा बरं काम केलं होतं. त्यानं कट्ट्यावर मिरवायला नाही, तर मावशीचा किंवा आत्याचा फोन टिकावा म्हणून ओएस बदलली. आणि मी, जो घरी मिनी ९ ची धूळ पुसून डोळे ओले करतो, ऑफिसात त्याची वाट अडवून बसलो आहे. स्मरणरंजनाबद्दलची माझी खरी तक्रार ही आहे. ते आपल्याला भूतकाळाशी प्रेमळ ठेवतं आणि वर्तमानाच्या हिशोबातून सोडवतं. "ते दिवस गेले" म्हणताना ते घालवणाऱ्यांत आपलाही हात होता, हे सोयीनं विसरता येतं.

जुन्या लॅपटॉपच्या आठवणीतून घेण्यासारखी मागणी माझ्या मते साधी आहे: यंत्र मालकाला उघडता यावं, आणि चुकलं तर मूळ जागी परत येता यावं. पहिली अर्धी मागणी मी विशीत जोरात केली. दुसऱ्या अर्ध्याची किंमत रूममेटनं भरली. आता मी टीममध्ये मांडलं आहे की ओएस बदललेल्या फोनवर ॲप अजिबात बंद करू नये. शिल्लक आणि जुने व्यवहार बघू द्यावेत, पाठवायच्या रकमेवर मर्यादा घालावी. "कल्पना चांगली आहे, बॅकलॉगमध्ये टाक," असं उत्तर मिळालं. आमच्या धंद्यात बॅकलॉग म्हणजे माळाच.

मिनी ९ ची बॅटरी मेली आहे, चार्जर लावला की अजून सुरू होतो. त्याचा व्हिडिओ मी केलेला नाही. रूममेटला मात्र फोन केला. त्याला फोटोंबद्दल विचारलं. तो म्हणाला, "कुठले फोटो?" आणि मग थोडं थांबून, "हां, ते होय."