प्रारंभीची इंग्रजी आणि उत्तर कोकणातील मराठी लेख : एक तौलनिक समीक्षा

प्रस्तावना :
इंग्रजी वाङ्मयेतिहासाचा आरंभ प्रायः कॅडमनचे स्तोत्र आणि ‘बेओवुल्फ’ हे महाकाव्य यांनी केला जातो. मराठीत हे स्थान ‘विवेकसिंधू’ (शके १११०, इ. स. ११८८) आणि ‘ज्ञानेश्वरी’ (इ. स. १२९०) यांना दिले जाते. भाषेच्या लिखित परंपरेचा उगम केवळ काव्यग्रंथांत शोधणारी ही दृष्टी कितपत पुरेशी आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विवेचन :
रोमन सत्तेच्या अस्तानंतर, पाचव्या शतकापासून अँगल, सॅक्सन व ज्यूट लोक ब्रिटनमध्ये स्थिरावले. इ. स. ५९७ मध्ये आलेल्या ख्रिस्ती धर्मप्रचारकांनी त्यांना लॅटिन ग्रंथपरंपरा दिली. तथापि इंग्रजीतील सर्वांत जुना ज्ञात गद्य मजकूर म्हणजे केंटचा राजा एथेलबर्ट याची सातव्या शतकाच्या आरंभीची कायदेसंहिता होय. ती उत्तरकालीन हस्तलिखितात टिकून राहिली. पुढील काळातील अनेक दानपत्रांत मुख्य मजकूर लॅटिनमध्ये, तर जमिनीच्या चतुःसीमा इंग्रजीत आढळतात.

श्रीस्थानक म्हणजे ठाणे ही राजधानी असलेल्या उत्तर कोकणच्या शिलाहार राज्यात असेच चित्र दिसते. कल्याणनजीकच्या अंबरनाथ मंदिरातील शके ९८२ (इ. स. १०६०) चा लेख संस्कृतात आहे, त्याच वर्षाचा दिवेआगर येथील व्यवहारविषयक ताम्रपट मात्र मराठीत आहे. अपरादित्याच्या परळ येथील शिलालेखात (इ. स. ११८७ च्या सुमारास) षट्षष्टी म्हणजे साष्टीतील दानाचा मजकूर संस्कृतात असून दान मोडणाऱ्यास दिलेला शाप मराठीत आहे.

या भाषाबदलामागे श्रोत्याचा विचार दिसतो. राजाची प्रशस्ती विद्वानांसाठी होती. शेताची सीमा नांगरणाऱ्याला आणि शाप गावकऱ्याला कळणे आवश्यक होते. त्यामुळे लोकभाषेची पहिली कसोटी ही बंधनकारक अर्थ निःसंदिग्धपणे पोहोचविण्याची होती. हे लेख स्वतः ललित वाङ्मय ठरत नाहीत, हे मान्य केले पाहिजे. मात्र ‘विवेकसिंधू’सारख्या ग्रंथाला तत्त्वविचार मराठीत मांडता आला, त्याआधीच ही भाषा दगडावर आणि ताम्रपटावर कोरली जाण्याइतकी प्रमाण ठरली होती. परळचा शाप आणि ‘विवेकसिंधू’ यांतील अंतर जेमतेम एका वर्षाचे आहे.

साम्याबरोबर भेदही लक्षणीय आहे. इ. स. १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर इंग्रजीचे दरबारी स्थान दीर्घकाळ गेले. मराठीचा ग्रंथव्यवहार मात्र यादवकाळात विस्तारला.

निष्कर्ष :
‘पहिला ग्रंथ कोणता?’ या प्रश्नाला ‘लोकभाषा प्रथम कोणत्या गरजेसाठी लिहिली गेली?’ या प्रश्नाची जोड हवी. ठाणे-कल्याण परिसरातील विद्यार्थी अँग्लो-सॅक्सन कालखंड पाठ करतो, पण हाकेच्या अंतरावरील शिलाहार लेख त्याला इतिहास विभागाचा विषय वाटतो. हे लेख भाषा-साहित्याच्या वर्गात आणल्यास इंग्रजीचा आरंभ त्याला परका वाटणार नाही आणि मराठीचा आरंभही अधिक स्पष्ट होईल.